फुलवंताबाईंच्या नावावर

भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान पोटरीत आला की माझं वर्गातलं लक्ष उडतं. गोंदियाच्या बाहेर, जिथे घरं संपून धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे आमचं नर्सिंग कॉलेज आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या वर्गाच्या खिडकीतून धानाशिवाय काही दिसत नाही. वेळापत्रक कोण करतं कुणास ठाऊक, पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांचा धडा दरवर्षी नेमका याच दिवसांत येतो. मी फळ्यावर एचसीजी या हार्मोनचा आलेख काढते. भराभर वर चढणारी रेघ, नवव्या-दहाव्या आठवड्यापाशी तिचं टोक, मग उतार. मुली माना खाली घालून ती वहीत उतरवून घेतात आणि मी बाहेर बघत राहते. पोटरीतल्या धानाचं ताट वरच्या बाजूला थोडं फुगलेलं असतं. लोंबी आत असते, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. वारा आला की सगळी बांधी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळते. मग कुणीतरी मुलगी विचारते, "मॅडम, पुढे?" आणि मला परत यावं लागतं.

पुढे काय, ते मला पाठ आहे. पण हा धडा मी पुस्तकातून शिकले नाही. तो मी दवनीवाड्याच्या अलीकडच्या एका गावात, एका ओसरीवर बसून शिकले, आणि चुकत चुकत शिकले.

तेव्हा मी संशोधन करत होते, म्हणजे निदान आईला तरी तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी स्कूटीच्या मागे थर्माकोलचा डबा बांधून गावोगाव हिंडत होते. डब्यात बर्फ, बर्फात छोट्या बाटल्या. पाचव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत, दर आठवड्याला एकदा, बाईची सकाळची पहिली लघवी आणायची आणि लॅबमध्ये तिच्यातला एचसीजी मोजायचा. मध्ये एकदा आणि शेवटी एकदा रक्त घ्यायचं. दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्या बायकांच्या अंगात हे हार्मोन कसे चढतात-उतरतात, हा माझा विषय. विषय चांगला होता. डबा मात्र बोदलकशाच्या तलावावरून मासे आणणाऱ्यांच्या डब्यासारखा होता, त्यामुळे दर फाट्यावर कुणीतरी हात करून थांबवायचं. "ताज्या हायेत का?" असं विचारायचे. मी पहिल्या दिवशी खरं उत्तर दिलं आणि त्या माणसाचा चेहरा पाहून दुसऱ्या दिवसापासून "संपल्या" म्हणायला लागले.

खरी अडचण वेगळीच होती. ज्या दिवसांवर माझा अभ्यास उभा होता, नेमके तेच दिवस इकडे कुणी कुणाला सांगत नाही. तीन महिने उलटेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, ही इकडची रीत. शहरात बसलेल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण विषय हातचा जाईल म्हणून मी बोलले नाही. ज्या मोजक्या बायका तयार झाल्या त्यांच्याकडे तारखा नसत. "पाळी कधी आली होती?" विचारलं की उत्तर यायचं, "आमचा रोवणा लागला ना, त्याच्या आधल्या सोमवारी." मग मी शेजारीपाजारी विचारून त्यांच्या बांधीत रोवणी कधी सुरू झाली ते शोधायची आणि त्यावरून आठवडे मांडायची. माझ्या त्या वर्षीच्या डायरीवरून एखाद्याला वाटेल की मी धानावरच पीएचडी करत होते.

या धड्यात मला सगळ्यांत आवडतो तो पीतपिंड. अंडं बाहेर पडून गेल्यावर बीजकोशात जी रिकामी जागा उरते, तीच पिवळी होऊन कामाला लागते. बाळाला पोसणारी वार अजून तयार झालेली नसते. तेव्हा काही आठवडे हा एवढासा गोळाच प्रोजेस्टेरॉन पुरवतो आणि गर्भ धरून ठेवतो. एचसीजी म्हणजे त्याला गर्भाकडून येणारा निरोप. अजून थोडं थांब, इतकाच. पुढे वार हाताशी आली की निरोप कमी होत जातात आणि हा आपला आक्रसून जातो. परीक्षेत त्याच्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो. मुली तो बहुतेक सोडून देतात.

फुलवंताबाई मला भेटल्या त्या श्रावणात, निंदण चालू असताना. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. गावच्या आशाताईंनी ओळख करून दिली आणि त्या बांधावरून सरळ माझ्याकडेच आल्या.

"मॅडम, माह्यं नाव लिवा. पाळी चुकली हाये माही."

"वय किती, मावशी?"

"बेचाळीस लिवा," त्या म्हणाल्या. तो आकडा खरा की त्यांच्या मर्जीतला, हे मी विचारलं नाही.

मी बाटली दिली. त्या घरामागे गेल्या, भरून आणली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या, अगदी ठळक. मला आनंद झाला. त्यांच्या आनंदासाठी झाला असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे या वयाची एकही बाई माझ्या यादीत नव्हती आणि मॅडम खूश होणार होत्या. फुलवंताबाईंची मोठी लेक लग्न होऊन सासरी गेली होती, मुलगा पुण्याला कंपनीत होता. बातमी दोन दिवसांत गावभर झाली आणि विशेष म्हणजे ती फुलवंताबाईंनी स्वतःच केली. त्यांचे यजमान तुळशीरामभाऊ अतिशय मुखदुर्बळ माणूस. पानठेल्यावर त्यांना कुणीतरी म्हणालं, "काय जी भाऊ, यंदा तुमच्याकडं उशिराचा रोवणा लागला म्हणते!" सगळे हसले. भाऊ आपल्या चपलांकडे बघत तेही थोडं हसले आणि सुपारी न घेताच घरी गेले.

त्या घराची सकाळ माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. छपराच्या कवेलूंतून झिरपणारा धूर, अंगणात ओल्या शेणाचा वास, चुलीवर भाताचं गंज. भाताला उकळी आली की त्याचा तो गोडसर, जड वास ओसरीपर्यंत यायचा. आमच्याकडे बाईला दिवस गेले की पहिला वैरी भात होतो. सासवा म्हणे सुनेचा चेहरा बघतच नाहीत, भाताची पेज पसावताना तिची मान कुठे वळते तेवढं बघतात. एकदा मी ओसरीवर बसले असताना घरामागे कुणीतरी ओकत असल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने फुलवंताबाई पदराने तोंड पुसत पुढे आल्या.

"भाताचा वास नाही सहन होत जी."

त्यांच्या मागून त्यांची धाकटी जाऊ, रोशनी, आली. चोविशीची असेल. तिचा नवरा रायपूरला कामाला होता. तिचे डोळे लाल होते. "धुरानं धुपलं," ती म्हणाली आणि आत गेली. मी वहीत लिहिलं, मळमळ तीव्र. तोवर फुलवंताबाईंनी ताटभर भात वाढून घेतला होता आणि वर पुन्हा मागितला. मी शेजारी कंसात लिहिलं, अधूनमधून. इतकी मी हुशार.

दर आठवड्याला बाटली देताना त्यांचा एकच प्रश्न असायचा. "वाढून राहिलं का वं?" मी म्हणायची, वाढतंय, मावशी, छान वाढतंय. त्या मान हलवायच्या आणि हे वाक्य कुठेतरी पोहोचवायचं असल्यासारख्या लगेच आत जायच्या. मी दिलेल्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांची रिकामी पट्टी वेळेवर परत मिळायची. माझ्या आलेखावर सगळ्यांत देखणी रेघ फुलवंताबाईंचीच होती. मी ती लॅबमध्ये उगीच पुन्हा पुन्हा बघायची.

आठव्या आठवड्यात रक्त घेतलं. त्यात काहीच नव्हतं. एचसीजी नाही, प्रोजेस्टेरॉन नावाला. मी चाचणी पुन्हा लावली, पुन्हा तेच. म्हणून आणखी एक हार्मोन तपासला, आणि तो भलताच वाढलेला निघाला, पाळी कायमची जायला लागते तेव्हा वाढतो तसा. मला काही उलगडेना. एकाच बाईच्या नावापुढे एका रकान्यात सुरुवात होती आणि दुसऱ्यात शेवट. अखेर मी त्यातून एवढाच अर्थ काढला की गर्भ गेला आहे, बाकीची गडबड लॅबची. आता हे त्यांना सांगायला मलाच जावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. रस्त्याला दोन्हीकडे बांध्यांमध्ये चिटपाखरू नव्हतं. बैल गावात रंगून उभे होते आणि मी स्कूटीवर रडत चालले होते. कुणी मासेसुद्धा विचारले नाहीत. फुलवंताबाई अंगणात बैलाच्या शिंगांना बेगड लावत होत्या.

"आज कायले आल्या, मॅडम? आज बांधीत कोणी पाय ठेवत नाही. आज धानाले गरभ राहते, माह्या माहेरी मानतात." त्यांचं माहेर छत्तीसगडात, डोंगरगडच्या बाजूचं.

मी कसंबसं म्हटलं, "मावशी, तुमच्या रक्तात काही नाही. बाळ..." मीच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

त्यांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्या हसायला लागल्या. पदराचा बोळा तोंडात घातला तरी हसू थांबेना. "अवं पोरी, माह्या रक्तात कुठून येईन ते?" त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. तिथे धानाच्या कोठीला टेकून रोशनी बसली होती.

"बाटली हिची, नाव माह्यं," फुलवंताबाई म्हणाल्या. "रक्त काही भरून आणता येईना, म्हून हात माह्या पुढं केला."

मग सगळं कळलं. रोशनीचे आधीचे दोन गर्भ गेले होते. दोन्ही वेळा अगदी सुरुवातीलाच नाव नोंदवलं गेलं, गावभर बोभाटा झाला, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नाही. या वेळी सगळं नीट वाढतंय की नाही, हे त्यांना कुणाकडून तरी हवं होतं. पण नाव नको होतं. आणि बाटल्या गोळा करणारी एक वेडी गावात आयती आली होती.

"नजर लागाची त माह्यावर लागू दे. माह्यावर लागून का होणार हाये आता? दोन लेकरं झाली, एकीचं लगन झालं. धानाले कोणी विचारते का, कितवा महिना चालू हाये म्हून?"

मी डोळे पुसले आणि शिकलेल्या बाईचा आवाज काढला. म्हटलं, नजरेनं असं काही होत नाही, मावशी. बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो, त्यात कुणाची चूक नसते.

त्यावर रोशनी बोलली. "नजरेनं नसन होत, मॅडम. पण मागच्या डावी दवाखान्यातून आली त महिनाभर पाण्यावर गेली का कोणी न कोणी विचारे. राहिलं का, गेलं का, काऊन गेलं. ते आयकाची ताकद नाही जी माह्यात. तिसऱ्या डावी नाहीच."

मग ती म्हणाली, "वाढून राहिलं का, तेवढं सांगा." मी म्हटलं, वाढतंय. तिने डोळे मिटून घेतले. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या.

नियमाप्रमाणे मी ती ओळ त्याच दिवशी खोडायला हवी होती. खोट्या नावाची नोंद ठेवणं साफ चूक आहे, आज माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने असं केलं तर मी तिला झोडपून काढीन. पण तेव्हा मी खोडलं नाही. रोशनी म्हणाली होती, तीन महिने होऊ द्या, मग मीच सांगीन. पुढच्या बाटल्या मी तपासत राहिले, आकडे फक्त त्या दोघींना सांगत राहिले. तोवर गावाने फुलवंताबाईंची थट्टा पुरेपूर करून घेतली. त्यांना निंदणातून सूट मिळाली, त्याऐवजी त्या रोशनीला "मले सोबत पायजे" म्हणून घरी बसवून ठेवत. चिंचेचा कोळ, कच्चा पेरू, बोरकुटाच्या पुड्या बायका आणून द्यायच्या. त्यातलं थोडं रोशनीला जायचं आणि पुष्कळसं फुलवंताबाईच खायच्या. एकदा मी बघितलं, बांधावर उभ्या असताना त्यांचा हात नकळत पोटावर गेला होता. त्यांच्या रक्तात मला काय दिसलं होतं ते मी अजून त्यांना सांगितलेलं नव्हतं.

दहाव्या आठवड्यात आकडा उतरला.

मी तो सहज सांगून बसले. कारण आलेखावर तो तिथे उतरतोच, मी शंभर वेळा वाचलं होतं. पण "कमी झालं" हे शब्द ऐकताच फुलवंताबाई होत्या तिथे, ओल्या अंगणात, खाली बसल्या. आतून रोशनीचा आवाज आला. "कालपासून मले भाताचा वास चालून राहिला." मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं, मळमळ अचानक थांबली होती. मी समजावलं, की आता वार काम हातात घेते, म्हणून हा कमी होतो, म्हणून मळमळही जाते. हे चांगलं लक्षण आहे. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. कमी होणं चांगलं कसं असेल? आणि मला मनातून ठाऊक होतं की गर्भ जातो तेव्हाही आकडा असाच उतरतो. नुसत्या त्या बाटलीवरून मी काही छातीठोक सांगू शकत नव्हते. सोनोग्राफीशिवाय इलाज नव्हता, आणि सोनोग्राफीला नाव द्यावं लागतं.

रोशनी नको म्हणाली. बारावा होऊ द्या, मग जाऊ. मी समजावून थकले, फुलवंताबाईंनीही एकदा आवाज चढवला. नाहीच. ते पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आठवतात ते वास आणि उजेड. हलका, लवकर पिकणारा धान फुलावर आला होता. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फूल उमलतं आणि बांधीवर एक कोवळा, कच्च्या दुधासारखा वास तरंगतो, तासाभरात नाहीसा होतो. त्या वेळी बांधीत शिरायचं नाही, धक्का लागला की फूल गळतं. मी स्कूटी थांबवून रस्त्यावर उभी राहायची. तोंडाने काहीबाही पुटपुटायची. माझा देवावर विश्वास नाही, पण त्या दिवसांत मी बहुतेक प्रार्थनाच करत असावे.

घटस्थापनेनंतर रोशनीनेच निरोप पाठवला. आम्ही तिघी गोंदियाला गेलो. खिडकीवरच्या बाईने मान वर न करता विचारलं, "पेशंट का नाम?"

"फुल..." सवयीने फुलवंताबाईंच्या तोंडून निघालं. रोशनीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "रोशनी." मग तिने नवऱ्याचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. न विचारता वयही सांगितलं.

आत अंधार होता. डॉक्टरांनी यंत्राचा आवाज मोठा केला. घोडा दौडावा तशी ती धकधक खोलीभर झाली. रोशनी छताकडे बघत रडत होती. फुलवंताबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी मला विचारलं, "हे कोणाचं वाजून राहिलं?" मी सांगितलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "एवढं जोरानं?"

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी त्या गावात गेले होते. रोशनीची पोरगी लाकडी बैल दोरीने ओढत साऱ्या गल्लीत फिरत होती आणि घरोघर बोजाऱ्याचे पैसे मागत होती. मला तिने दोनदा लुटलं. माझ्या प्रबंधात तिची ती देखणी रेघ कुठेही नाही. तिच्या आईच्या नावावर फक्त बाराव्या आठवड्याचा एक ठिपका आहे, मागे-पुढे काही नसलेला. मॅडमना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मला तासभर सुनावलं आणि शेवटी विचारलं, पोरगी बरी आहे ना?

सोनोग्राफीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही गावात परतलो. मी ओसरीवर वही उघडली, रोशनीचं नाव नव्या पानावर लिहिलं, तिची सही घेतली. मग फुलवंताबाईंना जवळ बसवलं आणि त्यांच्या रक्ताचं सांगितलं. पाळी चुकली नव्हती, ती गेली होती. आता येणार नाही.

"म्हणजे सरलं?"

"हो, मावशी."

त्यांनी बांधीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. लय वर्षं झाली." मी फूटपट्टी लावून त्यांच्या नावाची ओळ खोडायला पेन टेकवला, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू खोड ना वं पोरी. सात आठवडे पोटुशी होती मी."